निरोध : पाळणा लांबविण्यापलीकडचा उपयोग

भारत सरकारने १९६८ साली ‘निरोध’ १५ पैशांस तीन या दराने विक्रीस आणला. चहा, साबण व सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेमार्फत तो खेड्यांतील किराणा दुकानांपर्यंत पोहोचला. भिंतोभिंती कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगविलेला असे. साहजिकच निरोध म्हणजे पाळणा लांबविण्याचे साधन, एवढीच त्याची ओळख लोकमानसात रुजली. (मुलांनी त्याचे फुगे केले, ही गोष्ट निराळी.) ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत बहुधा स्त्रीला मोजावी लागते.

नेहमी आढळणारी एक परिस्थिती पाहू. दोन अपत्यांनंतर पत्नीची शस्त्रक्रिया झालेली आहे. पती दूरच्या मार्गावर ट्रक चालवितो किंवा मासेमारीच्या ट्रॉलरवर कामास आहे. आता मूल होण्याची भीती नाही, मग निरोध कशाला, असे उभयतांना वाटते. परंतु शस्त्रक्रियेने बीजाचा मार्ग बंद होतो, रोगजंतूंचा नव्हे. तांबी व गोळ्या यांचीही तीच गोष्ट. पतीचा अन्यत्र संबंध आला असेल, तर उंबरठा न ओलांडलेल्या पत्नीसही त्या रोगाची बाधा होऊ शकते.

शिवाय हे रोग लपून राहतात. उपदंश, म्हणजे लोक ज्यास गरमी म्हणतात, त्याचा पहिला व्रण संसर्गानंतर साधारणतः तीन आठवड्यांनी उठतो. तो दुखत नाही व काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोगी समजतो, बरे झाले. रोग मात्र शरीरात राहतो. गर्भवतीस तो असल्यास गर्भपात होण्याचा, मूल मृत किंवा रोगग्रस्त जन्मण्याचा धोका असतो. वेळीच दिलेल्या पेनिसिलिनने हे टळते. परम्यात पुरुषास लघवीच्या वेळी जळजळ होते, पू येतो. स्त्रीला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. उपचाराविना संसर्ग गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढतो व वंध्यत्व येऊ शकते. मग दोष तिलाच लावला जातो, हे अत्यंत अन्यायाचे आहे.

१९८६ साली मद्रास येथे एचआयव्हीची बाधा देशात प्रथम आढळली. तेव्हापासून निरोधाचे महत्त्व अधिकच वाढले आहे, कारण जननेंद्रियावर व्रण असल्यास या विषाणूचा शिरकाव सुलभ होतो. निरोध प्रत्येक वेळी व योग्य रीतीने वापरल्यास एचआयव्ही व परमा यांपासून चांगले संरक्षण मिळते. मात्र त्याने न झाकलेल्या त्वचेवर व्रण किंवा चामखीळ असेल, तर तेथून संसर्ग होऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे.

वापरातील चुका साध्या असतात. निरोध संबंधाच्या आरंभापासून हवा, मध्येच चढविलेला नव्हे. टोकाशी हवा राहू देऊ नये. अखेरीस ताठरता जाण्यापूर्वी कडा धरून तो बाहेर काढावा. एकावर एक दोन चढविल्यास ते घर्षणाने फाटू शकतात. आपल्याकडे हाताशी असलेले खोबरेल तेल तर मुळीच लावू नये. तेलाने रबर कमकुवत होते. खिशातील पाकिटात किंवा गाडीत उन्हाने तापलेला निरोध भरवशाचा नसतो. पाकिटावरील मुदतही पाहावी.

शंका आल्यास गुप्तरोगाच्या जाहिरातींमागे न लागता सरकारी रुग्णालयात जावे. अनेक ठिकाणी त्यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते व तेथे उपचार विनामूल्य होतात. एचआयव्हीविषयी १०९७ या क्रमांकावर विनाशुल्क माहिती मिळते. २०१७ च्या कायद्यानुसार सामान्यतः संमतीवाचून एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, तसेच रोग्याची माहिती गुप्त ठेवावी लागते. पती एकटाच औषध घेऊन परतला, तर पत्नीकडून त्यास पुन्हा बाधा होते. म्हणून दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत व डॉक्टर सांगतील तोपर्यंत संबंध टाळावा.