हृदयाचं दुखणं अंगावर काढू नका

गटाच्या बैठकीत बचत, हप्ता, व्याज, शिल्लक सगळं आपण वहीत मांडतो. पण स्वतःच्या बीपीचा आकडा किती जणींना माहीत आहे? मागच्या बैठकीत हे विचारलं, तर दोन-तीनच हात वर आले.

आपल्यातल्याच एका ताईंची गोष्ट. भांगलण करताना त्यांना दम लागला, दरदरून घाम फुटला, जबडा आणि पाठ दुखायला लागली. "पित्त झालं असेल" म्हणत त्यांनी लिंबू-सोडा घेतला आणि रात्र काढली. सकाळी दवाखान्यात कळलं, तो हृदयविकाराचा झटका होता. ताई वाचल्या, पण हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला. आता थोडं चाललं तरी धाप लागते. म्हणून आजचा हा पाठ.

हृदयाचे आजार किती प्रकारचे?

हृदय आपल्या मुठीएवढं असतं आणि दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडतं. ठिबकच्या नळीत क्षार साचले की पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही. तसंच रक्तवाहिनीत आतून चरबीचा थर साचतो.

• हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडली, तर हृदयविकाराचा झटका येतो.
• मेंदूकडची वाहिनी बंद पडली किंवा फुटली, तर पक्षाघात, म्हणजे लकवा होतो.
• रक्ताचा दाब सतत जास्त राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. बहुतेक वेळा तो काहीच त्रास देत नाही आणि आतून हृदय, मेंदू, किडनी खराब करतो.
• लहानपणी घसा दुखून ताप येतो. त्यावर नीट उपचार झाले नाहीत, तर काही मुलांचे पुढे सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. हा संधिवाताचा हृदयरोग.
• काही बाळांच्या हृदयात जन्मतःच छिद्र किंवा दुसरा दोष असतो.

धोका कशानं वाढतो?

वाढतं वय आणि आई-वडिलांकडून आलेली जोखीम आपण बदलू शकत नाही. पाळी गेल्यावर बाईचा धोका वाढतो. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती, तर बाळंतपणानंतरही तपासणी चालू ठेवावी लागते.

पण बरंच काही आपल्या हातात आहे. मिसरी लावणं म्हणजे तंबाखूच. ती "दातांसाठी" म्हणून लावली तरी तंबाखू शरीरात जातोच. घरातल्या माणसाच्या बिडीचा धूर आणि चुलीचा धूरही घातक. दिवसभराचं मीठ सगळं मिळून एक छोटा चमचा, त्याहून कमीच असावं. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं. तळण्याचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. कामात चालणं होतंच, पण शिलाई मशीनवर किंवा दुकानात बसून काम करणाऱ्यांनी रोज अर्धा तास भरभर चालावं.

आकडे लक्षात ठेवा

बीपी साधारण १२०/८० च्या आसपास असावा. वेगवेगळ्या दिवशी तपासूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांना दाखवायचं. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त आली तरी तसंच. ३० वर्षांपुढच्या सगळ्यांची ही तपासणी उपकेंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. आणि गोळी चालू असताना बीपी नॉर्मल आला, तर तो गोळीमुळे आला आहे. मनानं गोळी बंद करू नका.

थांबायचं नाही अशी लक्षणं

छातीवर दाब, दुखणं हात, जबडा किंवा पाठीत जाणं, घाम, धाप. बायकांमध्ये कधी कधी फक्त मळमळ, धाप आणि न कळणारा थकवा एवढंच दिसतं. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही लकव्याची लक्षणं. अशा वेळी १०८ ला फोन करा. लकव्याच्या माणसाला खायला-प्यायला देऊ नका, ठसका लागू शकतो. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं.

पुढच्या बैठकीसाठी

१. आशाताईंना बोलावून सगळ्यांचा बीपी तपासा. आकडा प्रत्येकीनं आपल्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहा.
२. मिसरी सोडायची कोण कोण ठरवतंय? एकीला दुसरीची सोबत द्या.
३. रात्री-अपरात्री कुणाची गाडी मिळेल, ते नंबर भिंतीवर लावा.

घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर मग माझं बघू, असं आपण म्हणतो. या दुखण्यात "मग" म्हणायला वेळ मिळत नाही, बायांनो.