शिक्का सगळ्यात शेवटी

बेटा, भिवंडीत गाळा बघितलास, समोसे-कबाबांचा फ्रोझन धंदा काढतोयस. अल्लाह बरकत देवो. पण हलालच्या प्रमाणपत्रासाठी आत्ताच धावपळ नको. आधी अख्खा माल नजरेखालून घाल.

मटण कुठून येतं ते सगळेच बघतात. घोळ होतो किरकोळ जिनसांत. समोशाच्या पट्टीला मार्जरीन वापरणार असशील तर पुडक्यावर ४७१ हा आकडा शोध. या आकड्याचा इमल्सिफायर स्निग्ध पदार्थापासून करतात. तो पामतेलाचा असेल किंवा जनावराच्या चरबीचा, नुसत्या आकड्यावरून कळत नाही. हिरवा ठिपका असला तर जनावराची चरबी नाही, एवढं नक्की. पण तेवढ्यावर विसंबू नकोस, कारण तो ठिपका अल्कोहोलबद्दल काहीच बोलत नाही. पुढे फालुदा करायचा झाला तर व्हॅनिलाच्या अर्कात अल्कोहोल असतं, आणि जेलीतलं जिलेटिन कुठल्या जनावराचं, हेही विचारावं लागेल. पुरवठादाराकडून सगळं लेखी घे. ‘चाचा, सब हलाल है’ हे तोंडी उत्तर घेऊन परत यायचं नाही. पुरवठादार बदलला की कागद नवा.

टेम्पो भाड्याचा असेल तर आदल्या फेरीत काय भरलं होतं तेही विचार. मलेशियात डुकराचं मांस लागलेलं यंत्र सात वेळा धुतात, त्यात एकदा माती कालवलेल्या पाण्यानं. ही रोजची धुलाई नव्हे; असं यंत्र हलाल कामाला घेतानाच ती करतात.

आता पैसा. खरी परीक्षा इथेच. दोस्त पाच लाख देतो आणि महिन्याला ठरलेले दहा हजार मागतो; त्याला नफा म्हटलं तरी ते व्याजच. मुदारबा कर: पैसा त्याचा, मेहनत तुझी, आणि नफ्याचा हिस्सा आधी ठरलेला, साठ-चाळीस म्हण. तोटा आला आणि त्यात तुझी हयगय नसली, तर पैसा त्याचा बुडतो, तुझी मेहनत फुकट जाते. तूही भांडवल घातलंस तर ती मुशारका. तिथे तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. मैत्रीखातर ‘तोटा निम्मा-निम्मा’ असं लिहून देऊ नकोस.

उधारी लिहून ठेव, सख्ख्या भावाची असली तरी. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरा बकराची २८२वी, उधारीच्या लिखापढीवरच आहे. रमजानात दुकानदार माल उचलतो आणि ‘ईदनंतर बघू’ म्हणतो. ईदनंतर म्हणजे कुठल्या तारखेला, ते बिलावर टाक आणि त्याची सही घे.

जकातीसाठी चांद्र वर्षातला एक दिवस मुक्रर कर. त्या दिवशी विकाऊ माल त्या दिवसाच्या भावानं मोज, रोकड आणि हाती येणारी येणी धर, देणी वजा कर. निसाबच्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेच्या, वर असेल तर अडीच टक्के.

एवढं झालं की प्रमाणपत्र. आधी गिऱ्हाइकाचा देश विचार. मलेशियाला जाकीम या तिथल्या सरकारी खात्यानं मान्य केलेल्या संस्थेचाच कागद चालतो, इंडोनेशियाचं खातं वेगळं. मांसाच्या पदार्थांना काही देशांसाठी २०२४पासून आपल्या सरकारचाही नियम लागू आहे. तो वाचल्याशिवाय कुठल्याही संस्थेची फी भरू नकोस.