जुन्या मोटारीचे नवे पाटे

अशी कल्पना करा. बदलापूरजवळच्या सोनिवलीत तुमच्या ओळखीचे एक काका राहतात. त्यांच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. ती मागून खाली बसली, म्हणून काकांनी बाजारातून नवे पाटे, नवे बुश आणि नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणले. वेष्टनांवर ‘पद्मिनीसाठी’ असे छापलेले होते. मिस्त्रीने दिवसभर खपून ते सगळे बसवले. दुसऱ्या दिवशी काका गाडी घेऊन स्टेशनकडे निघाले, तो काय! गाडी मागून उंच झालेली, प्रत्येक खड्ड्यात खाडकन आवाज, आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित वाकडे धरावे लागते.

सारे भाग नवे आणि सारे जागच्या जागी बसलेले. मग चुकले कोठे? उत्तर असे, की भाग बसणे ही एक गोष्ट आणि तो जुळणे ही दुसरी. या दोहोंतला फरक तुमच्या शाळेतल्या व्हर्निअरने आणि थोड्याशा गणिताने शोधून काढता येतो.

नमुन्याची नक्कल

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या मोटारीवरून तयार झालेली गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागच्या आसाला पोलादी पाटे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ही गाडी साऱ्या देशाला ठाऊक झाली. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. हौसेने सांभाळलेल्या गाड्या मात्र अजून आहेत आणि त्यांना सुटे भाग लागतातच.

मूळ कारखाना भाग बनवतो तेव्हा कारागिरापुढे आराखडा असतो. त्यावर प्रत्येक माप लिहिलेले असते आणि ते माप किती कमीजास्त झाले तर चालेल, हेही लिहिलेले असते. या मुभेला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. उदाहरणार्थ, २० मिलिमीटरच्या छिद्रासाठी प्रचलित असलेल्या एका मानकात ते २०.००० पेक्षा लहान आणि २०.०२१ पेक्षा मोठे असता कामा नये. म्हणजे मुभा केवळ २१ मायक्रॉनची. आपल्या डोक्याचा केससुद्धा साधारणपणे याहून जाड असतो!

आता मूळ उत्पादन थांबल्यावर काय होते पाहा. लेथवर काम करणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्यात कोणी जुनी पिन आणून देतो आणि ‘अशीच करून द्या’ म्हणतो. आराखडा नसतो, असतो तो नमुना. समजा, मूळ पिन १६.०० मिलिमीटरची होती आणि वर्षानुवर्षे घासून ती १५.९० झाली. कारागीर मन लावून काम करतो आणि बरोबर १५.९० ची पिन बनवतो. त्याची नक्कल अचूक आहे, पण त्याने पिनेबरोबर तिची झीजही नकललेली आहे! पुढे याच पिनेवरून तिसरा कोणी नक्कल करील, तेव्हा चुकीत आणखी भर पडेल. दोष कारागिराच्या हाताचा नव्हे, त्याच्या हाती दिलेल्या नमुन्याचा.

एवढ्याशा फटीने काय बिघडते? समजा, बुश ४० मिलिमीटर लांब आहे आणि त्याच्यात व पिनेत ०.२ मिलिमीटरची ढील आहे. पिन एका बाजूस ४० ला ०.२, म्हणजे २०० ला १ या प्रमाणात कलू शकेल. तिच्यापासून ३०० मिलिमीटरवर, म्हणजे चाकाच्या कडेशी, हाच कल दीड मिलिमीटर होतो. समरूप त्रिकोणांचा हा हिशेब तुम्हीही करून पाहा. हाताने हलवल्यावर चाक खटखट वाजते ते यामुळेच.

अर्ध्या मिलिमीटरची करामत

आता काकांची पहिली तक्रार, गाडी मागून उंच का झाली?

आपली फूटपट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. उभ्या कडेवर धरून वाकवा, वाकत नाही. वाकण्याच्या दिशेतली जाडी वाढली की ताठपणा झपाट्याने वाढतो. नियम असा, की ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. मूळ पाटे ६ मिलिमीटर जाडीचे असले आणि नव्यांसाठी ६.५ मिलिमीटरची पट्टी वापरली, तर (६.५ ÷ ६)³ = सुमारे १.२७. जाडी वाढली ८ टक्के, ताठपणा वाढला २७ टक्के!

मूळ पाटे गाडीच्या वजनाने १० सेंटिमीटर दबत असतील, तर तितकाच वाक दिलेले हे नवे पाटे ७.९ सेंटिमीटरच दबतील. म्हणजे गाडी सुमारे २ सेंटिमीटर उंच राहील. डोळ्यांना दोन्ही पाटे सारखेच दिसतात, हे विसरू नका.

खाली बसलेला जुना पाटा मात्र मऊ झालेला असतो असे समजू नका. पोलाद तेच आणि जाडी तीच असेल, तर ताठपणाही जवळजवळ तोच राहतो. गमावलेला असतो तो त्याचा मूळचा वाक. म्हणून बसलेला पाटा नमुना म्हणून दिला, तर नवाही बसलेलाच मिळेल. आणि उंची भरून काढण्यासाठी जाड पट्टी घातली, तर गाडी दणके देईल.

एकाचा परिणाम दुसऱ्यावर

दुसरी तक्रार खड्ड्यातल्या आवाजाची. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे काम स्प्रिंगची दोलने शमवणे हे आहे. त्याचा दांडा ठरावीक लांबीपर्यंतच आत-बाहेर होतो. गाडी २ सेंटिमीटर उंच झाली, म्हणजे दांडा उभ्या गाडीतच २ सेंटिमीटर जास्त बाहेर आला. खड्ड्यात चाक खाली जाताच तो शेवटापर्यंत ताणला जातो आणि खाडकन थांबतो. आता त्याला भार झेलावा लागतो आणि त्यासाठी तो बनवलेलाच नाही. त्याचे टोक तुटण्याचा धोका असतो.

तिसरी तक्रार वाकड्या स्टिअरिंगची. पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो. त्याचे डोके आसाच्या बैठकीतल्या छिद्रात बसते आणि आसाची जागा ठरवते. एका बाजूच्या पाट्यात हे छिद्र ५ मिलिमीटर पुढे पाडले गेले, तर सव्वा मीटर रुंदीच्या आसाचे एक चाक ५ मिलिमीटर पुढे जाते. आस तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी किंचित तिरपी चालू लागते. कोरड्या रस्त्यावर ही गंमत वाटेल, पण पावसाळ्यात निसरड्या वळणावर जोराने ब्रेक दाबावा लागला तर हीच चूक जिवावर बेतू शकते. गाडीतली माणसे या लहानशा छिद्रावर विसंबून असतात.

बुशाची गोष्ट आणखी निराळी. रबरी बुश योग्य मापाचा असूनही चुकीच्या रीतीने बसवला जाऊ शकतो. चाके हवेत लोंबत असताना त्याचा बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरवताच आतले रबर पिळले जाते आणि सदोदित पिळलेलेच राहते. असा बुश लवकर फाटतो. म्हणून शेवटचा आवळा गाडीचे वजन चाकांवर आल्यावर द्यावा.

आधी मोजा, मग बसवा

काकांनी बसवण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहिल्या असत्या तर?

१. जुन्या आणि नव्या पाट्यांची संख्या, प्रत्येकाची जाडी व रुंदी. गंज खरवडून मगच मोजावे.
२. मधल्या बोल्टापासून दोन्ही टोकांच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर. डाव्या व उजव्या पाट्यांत ते सारखेच हवे.
३. पिनेचा व्यास तीन ठिकाणी. मूळ माप कळण्यासाठी जेथे घासण होत नाही ती जागा शोधावी.
४. शॉकअ‍ॅब्सॉर्बरची पूर्ण मिटलेली व पूर्ण ताणलेली लांबी. चाक अगदी वर व अगदी खाली गेले तरी दांडा शेवटाला टेकता कामा नये.
५. बोल्टाचे आटे. १२ मिलिमीटरच्या बोल्टावर ते १.७५ मिलिमीटर अंतरानेही असतात व १.२५ अंतरानेही. बोल्ट दोन फेऱ्यांत अडला तर जोर लावू नये, आटे मोजावे.

ही मापे घेण्यास एक तास पुरतो. एक मात्र लक्षात ठेवा, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. भक्कम ठोकळे आणि जाणता मिस्त्री यांच्याशिवाय हे काम करायचे नाही.

करून पाहा

प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून २० सेंटिमीटर बाहेर काढा. टोकाला ५० ग्रॅमचे वजन टांगून टोक किती खाली गेले ते मोजा. आता तशाच दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवून मोजा. वाक सुमारे निम्मा होईल. नंतर त्याच दोन पट्ट्या सबंध लांबीभर पक्क्या चिकटवून मोजा. जाडी दुप्पट झाली, म्हणून ताठपणा किती पट व्हावा? घनाचा नियम आठवा आणि उत्तर ताडून पाहा. मग सांगा, मोटारीला एकच जाड पट्टी न लावता अनेक पातळ, सुटे पाटे का लावतात?