प्रवासवर्णन : पाण्याखालचे निरीक्षण

अपरिचित स्थळाचे वर्णन करताना लेखकाची खरी कसोटी लागते. मालवणसमोरील लहानशा कुरटे बेटाचे उदाहरण घेऊ. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे सिंधुदुर्ग बांधण्यास आरंभ केला. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. आता सुट्टीत आलेले पर्यटक किल्ल्याजवळच्या पाण्यात बुडी घेऊन प्रवाळ पाहतात.

या बुडीची वर्णने बहुधा ‘अवर्णनीय’ या शब्दापाशी थांबतात. हा शब्द म्हणजे वर्णन टाळण्याची सोयच! समुद्रापासून दूर, अंथुर्ण्यासारख्या गावी विहिरीत सूर मारलेल्या विद्यार्थ्यालाही कानांवरचा दाब ठाऊक असतो. समुद्रातही तोच जाणवतो. वर्णनाचा आरंभ तेथून करावा. मग वेगळे काय ते नोंदवावे. खोली वाढते तसा लाल रंग प्रथम विरतो. डोळ्यांवरील काचेतून मासा प्रत्यक्षाहून मोठा व जवळ भासतो. आवाज कोणत्या दिशेने आला, ते उमगत नाही.

शब्दयोजना मात्र अचूक हवी. प्रवाळ म्हणजे सूक्ष्म जीवांची वसाहत. कठीण सांगाडा त्यांनीच रचलेला असतो. त्यास ‘रंगीत खडक’ म्हणणारा लेखक वाचकाला त्यावर पाय टेकण्याची जणू मुभा देतो, आणि त्या एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडू शकते.

स्वाध्याय : परिचित विहिरीतील किंवा तळ्यातील एका बुडीचे वर्णन ‘सुंदर’ हे विशेषण न वापरता दहा ओळींत करा.