आधी धुवा, मग सोला

प्रश्न : आमच्याकडे काकडी-गाजर सोलल्याशिवाय ताटात येत नाही. सूनबाई म्हणते, सगळं सत्त्व सालीत असतं आणि तुम्ही ते केरात टाकता. मी म्हणते, फवारणीचं औषध पोटात जाण्यापेक्षा ते बरं. बरोबर कोण?

उत्तर : काकडीपुरत्या सूनबाई. काकडीत ९५ टक्के पाणीच. उरलेल्यातलं बरंचसं सालीत आणि सालीलगत. १०० ग्रॅम सालीसकट काकडीत 'के' जीवनसत्त्व साधारण १६ मायक्रोग्रॅम भरतं, सोललेलीत जेमतेम ७. गाजराचं तसं नाही. त्याचं केशरी बीटा कॅरोटीन गरातही भरपूर असतं. सुरीने हलकं खरवडलंत तर फार काही जात नाही.

आता तुमची फवारणी. वरवर बसलेलं औषध धुण्याने पुष्कळसं निघतं, सोलल्यावर आणखी. पण शेतकरी ज्याला आंतरप्रवाही औषध म्हणतात, ते झाडाच्या रसातच भिनतं. त्यापुढे सोलाण्याचं काही चालत नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात (लिटरला १० ग्रॅम) १२ ते १५ मिनिटं ठेवून पाहिली. सालीवर लावलेली दोन औषधं निघाली, आत मुरलेलं तेवढं राहिलं.

मला औषधापेक्षा मातीची धास्ती जास्त वाटते. न धुता गाजर सोलायला घ्या आणि सोलाण्याचं पातं बघा. त्यावर तपकिरी ओल धरते आणि पुढच्याच फटक्याला ती सोललेल्या गरावर लागते. त्या मातीत जंतू असतात, जंतांची अंडीही असू शकतात. 'सोलणारच आहे, धुवायचं कशाला' ही सवय म्हणूनच वाईट. गाजर, मुळा, बीट वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, देठाची खाच ब्रशने घासा, मगच सुरी लावा.

कोवळी काकडी धुऊन सालीसकट चोचवा. जून, निबर काकडी आणि कोकणातलं तवसं मात्र सोलाच, ती साल चावत नाही. मेणाचा तुकतुकीत थर दिसला तरी सोला. देठाकडचा तुकडा आधी चाखून बघा. कडूपणा तिथे आणि सालीखाली सगळ्यात जास्त असतो. टोक चोळून फेस काढण्यापेक्षा ते टोक कापून टाकणं उपयोगी. त्यानंतरही कडूजहर लागली, तर ती काकडी कोशिंबिरीत घालू नका, टाकून द्या.