एकल प्रयोगातील दुसरा

चि. भाचीस मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, प्रेमाचा आणि स्वतःवरील प्रेमाचा शोध घेणारा एकल प्रयोग बसवण्याचा भाचीचा मनोदय कळला आणि त्याचा आराखडाही वाचनात आला. देहप्रधान रंगभूमी म्हणजे ज्या प्रयोगात अर्थाचा मुख्य भार शब्दांऐवजी नटाची चाल, तोल, श्वास आणि नजर यांवर असतो ती रंगभूमी. असा प्रयोग एकट्याने करायचा म्हटला, की अडचण उघड असते, कारण ज्याच्यावर प्रेम करायचे तोच रंगमंचावर नसतो. ही अडचण टाळण्यासाठी नवोदित नट बहुधा स्वतःकडेच वळतो, मग आरसा, मोकळे केस आणि जुनी जखम यांभोवती प्रयोग घुटमळू लागतो आणि त्यालाच आत्मप्रेम म्हटले जाते. आराखड्यातील आरशाचा प्रवेश याच वाटेने गेला आहे. तो निम्म्याने कापला तरी काही बिघडणार नाही.

रंगमंचावर नसलेला दुसरा उभा करण्याची, मूकनाट्यात हमखास हशा मिळवणारी एक जुनी युक्ती आहे. नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो, स्वतःचे हात स्वतःच्या पाठीवर फिरवतो आणि पाहणाऱ्याला दोघांच्या आलिंगनाचा भास होतो. प्रेक्षकांकडे तोंड करून रिकाम्या हवेला मिठी मारणे मात्र फार अवघड असते, कारण समोरच्याचा खांदा एकदा ज्या उंचीवर ठरला त्याच उंचीवर हात परत जावा लागतो, विळख्यातली जागा आक्रसून चालत नाही, आणि पुढे झुकलेला भार पलीकडून कोणीतरी पेलतो आहे असे दिसावे लागते. अवकाशातील एखादी जागा शरीराने अशी पक्की धरून ठेवण्याला स्थिर बिंदू म्हणतात. एत्येन दक्रू यांनी फ्रान्समध्ये या देहविद्येची शिस्तबद्ध मांडणी केली आणि त्यांचे शिष्य मार्सेल मार्सो यांच्यामुळे मूकाभिनय जगभर पोहोचला. संस्कृतातील भाण या एकपात्री रूपकातही विट हे चतुर, रसिक पात्र आकाशभाषिताच्या आधारे, म्हणजे न दिसणाऱ्या व्यक्तीचे बोलणे ऐकल्यासारखे करून, तिला उत्तरे देतो. तेव्हा एकट्या नटाला दुसऱ्याची गरज असणे ही काही आजची गोष्ट नव्हे.

या संदर्भात जपानचे काझुओ ओनो (१९०६–२०१०) यांचे उदाहरण भाचीने नीट अभ्यासावे. ते मुळात व्यायामशिक्षक होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये उदयास आलेल्या बुटो या नृत्यप्रकाराचे, ज्यात सौष्ठवापेक्षा वाकलेल्या, थकलेल्या, मृत्यूच्या जवळ गेलेल्या देहाला मान असतो, एक प्रवर्तक मानले जातात. १९२९ साली टोकियोत त्यांनी ‘ला आर्हेन्तीना’ या नावाने गाजलेल्या स्पॅनिश नर्तकी आन्तोनिया मेर्से यांचे नृत्य पाहिले. मेर्से १९३६ साली वारल्या. पण त्या नृत्याचा ठसा टिकून राहिला आणि १९७७ साली, वयाच्या ७१व्या वर्षी, ओनो यांनी मेर्से यांच्या स्तवनाचा एकल प्रयोग केला, ज्याचे दिग्दर्शन बुटोचेच दुसरे प्रवर्तक तात्सुमी हिजिकाता यांनी केले होते. स्त्रीवेषातील, रंग फासलेला तो वृद्ध देह मेर्से यांची नक्कल करत नाही, आणि आपल्या सुरकुत्या लपवतही नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी स्वागतात तो इतका गुंतलेला असतो, की स्वतःविषयीचा संकोच बाळगायला त्याला सवडच उरत नाही. आत्मप्रेम रंगमंचावर दिसते ते बहुधा असे आडवाटेने. पुढे चालणे अशक्य झाल्यावरही ओनो खुर्चीत बसून केवळ हातांनी नाचत असत.

आराखड्यात आजीच्या पायांना तेल चोळण्याचा जो छोटा प्रवेश आहे, तो या दृष्टीने सर्वांत सकस असूनही भाचीने त्याला शेवटी ढकलले आहे. तालमीची सुरुवात तिथूनच व्हावी. तळहातात मावणारी टाच किती जड आहे, भेगा कुठे लागतात, गुदगुल्या होऊन आजी पाय आखडते तेव्हा चोळणारीचे कोपर किती मागे जाते, हे आधी ठरवावे आणि तोवर संगीत अजिबात घेऊ नये. मांडी घालून फार वेळ बसल्याने गुडघा दुखू लागला तर ते दुखणेही लपवू नये, कारण आजीचा पाय मांडीवर घेणारा गुडघा तोच आहे.

कळावे.

मावशीचे आशीर्वाद