छायाचित्रातील अदृश्य नोंद

गावातील पाझर तलावाचे काम असो, घरकुलाचा पाया असो की शाळेतील गुणगौरव समारंभ असो, त्याचे छायाचित्र आज भ्रमणध्वनीवर काढले जाते आणि काही क्षणांत तालुक्याच्या कार्यालयात पोहोचते. प्रशासनाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. मात्र डोळ्यांना दिसते तेवढेच त्या छायाचित्रात असते असे नाही. चित्राबरोबर एक अदृश्य नोंदही प्रवास करीत असते. ही नोंद कोठे उपयोगी पडते आणि कोठे अपाय करते, हे लोकांची छायाचित्रे काढणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

नोंदीचे स्वरूप

या नोंदीस ‘एक्झिफ’ असे म्हणतात. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने १९९५ मध्ये तिचा नमुना ठरवून दिला. कॅमेऱ्याची जात, छायाचित्राचा दिनांक व वेळ, भिंगाची मांडणी इत्यादी तपशील तीत आपोआप लिहिला जातो. भ्रमणध्वनीत स्थाननोंदीची सोय चालू असेल तर उपग्रहांच्या साहाय्याने मिळालेले अक्षांश व रेखांशही तीत उतरतात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवरील सुमारे ३१ मीटर अंतर. नोंद सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत जात असल्याने मोकळ्या जागी काढलेल्या छायाचित्राचे स्थळ काही मीटरच्या आत सापडते. ते आकडे संगणकावरील नकाशात घातले की अंगण दिसते, घर दिसते.

उपयोग आणि अपाय

या नोंदीचा सार्वजनिक कामात मोठा उपयोग झाला आहे. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतील कामांचे स्थान छायाचित्रासह नोंदविण्यास २०१६ मध्ये प्रारंभ झाला. विहीर खरोखरच खोदली गेली काय आणि ती त्याच गटात आहे काय, याचा पडताळा त्यामुळे घेता येऊ लागला. विहीर सर्वांच्या पैशातून होते; तिचा ठावठिकाणा सर्वांना कळणे योग्यच आहे.

माणसाची गोष्ट वेगळी आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीस शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षकांनी तिच्या घरी जाऊन, उंबरठ्यावर तिचे छायाचित्र काढले व ते मूळ स्वरूपात संकेतस्थळावर चढविले. हेतू कौतुकाचाच होता. परंतु त्या चित्राबरोबर तिच्या घराचा पत्ता अनोळखी माणसाच्या हाती गेला. छळाला कंटाळून माहेरी किंवा आश्रयगृहात राहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर अशी चूक जिवावर बेतू शकते.

स्वतःचा ठावठिकाणा लपविण्याची खटपट करणाऱ्यालाही ही नोंद कशी उघडे पाडते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. संगणकाच्या विषाणूंवर उपाय करणाऱ्या प्रणालीचे निर्माते जॉन मॅकॅफी हे २०१२ मध्ये बेलीझ देशातील पोलिसांना चुकवून फिरत होते. त्यांच्यासोबत असलेल्या एका नियतकालिकाच्या प्रतिनिधींनी डिसेंबरमध्ये त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यातील अक्षांश-रेखांश वाचकांनी वाचले आणि ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले. लगेच दोन दिवसांनी, बेकायदा प्रवेशाच्या कारणावरून त्यांना अटक झाली. संगणकाच्या सुरक्षिततेत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडले, तेथे सामान्य नागरिकाने किती सावध राहावे!

कायद्याची बाजू

खाजगीपण हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमातील कलम २३ अधिक स्पष्ट आहे. पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, शेजार अथवा ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसारमाध्यमांत उघड करण्यास ते मनाई करते. चेहरा पुसला, पण अक्षांश-रेखांश तसेच राहिले, तर शेजार उघड झालाच की!

काय करावे

पहिली गोष्ट अशी की, कामाच्या नोंदीसाठी आवश्यक नसेल तेव्हा कॅमेऱ्याच्या ‘सेटिंग’मध्ये जाऊन ‘लोकेशन’ची सोय बंद ठेवावी.

दुसरी गोष्ट पाठविण्याच्या रीतीची. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास स्थानाची नोंद गळून पडते. मात्र तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास किंवा ई-मेलला मूळ स्वरूपात जोडल्यास ती शाबूत राहते. चित्र स्वच्छ दिसावे म्हणून कार्यालये बहुधा दुसराच मार्ग पत्करतात, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट, प्रसिद्धीपूर्वी नोंद पुसावी. विंडोज प्रणालीच्या संगणकावर चित्रावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ व त्यातील ‘डिटेल्स’ उघडल्यास नोंद दिसते. ती काढून टाकण्याची सोयही तेथेच आहे. मूळ प्रत कार्यालयाच्या दप्तरी ठेवावी आणि नोंद पुसलेली प्रत प्रसिद्धीस द्यावी. असे केल्याने पुरावाही राहतो आणि माणूसही सुरक्षित राहतो.

चौथी गोष्ट डोळ्यांना दिसणारी आहे. काही ॲप छायाचित्राच्या तळाशी नकाशा, पत्ता व वेळ छापतात. कामाच्या पाहणीस ते ठीक. पण हा मजकूर चित्राचाच भाग झालेला असल्याने अदृश्य नोंद पुसून तो जात नाही. घराचा क्रमांक, शाळेची पाटी, गणवेशावरील नाव यांचेही तसेच. असे छायाचित्र व्यक्तीसाठी वापरूच नये.

शासनाच्या योजनेचा लाभ घेताना नागरिक आपले छायाचित्र विश्वासाने देतो. कोणी त्याच्या घराची वाट विचारली तर आपण आधी विचारणाराची चौकशी करतो. छायाचित्र प्रसिद्धीस देतानाही तेवढीच चौकशी आपण स्वतःजवळ करावी. त्यासाठी खर्च काहीच नाही; दोन मिनिटांची दक्षता मात्र हवी.